रकाना एकोणीस आणि डावा बूट

आदरणीय मामा,

माझं आयुष्य बदललं ते नऊ आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एका मुलीने आमच्या कुलूप-किल्लीच्या दुकानाच्या काउंटरवर अर्धी किल्ली ठेवली तेव्हा. हे आधी सांगून टाकतो, कारण नमस्कार-चमत्कारात शिरलो की माझा मुद्दा राहून जातो अशी माझी ख्याती आहे, आणि ती तुम्हीच पसरवली आहे. आता रीतसर: साष्टांग नमस्कार. (खोलीत आडवं व्हायला जागा नाही, म्हणून बसल्या बसल्याच.) तुमचा गुडघा कसा आहे? तलावावर पोहायला शिकायला येणारी पोरं अजून तुमच्या पोटाला धरूनच तरंगतात का? तुमचा वाचायचा चष्मा हरवला तो अजून सापडला नाही आणि मामी तुम्हाला पेपरपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं वाचून दाखवतात, असं आई सांगत होती. शिवाय कुठल्याशा कुत्र्याने तुमचा एक बूट पळवला म्हणे. वाईट वाटलं. नव्या चष्म्याचं आणि नव्या बुटांचं मनावर घ्या. मामींना नमस्कार सांगा, पण पत्र आलंय हे सांगू नका. तीन आठवडे तुम्ही माझा फोन उचलत नाही, मामींना विचारलं की म्हणतात, ते पाण्यात आहेत. तीन आठवडे सलग पाण्यात माशांशिवाय कोणी राहत नाही. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तलावाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, पाकिटावर 'खासगी' असं दोनदा लिहून.

तर अर्धी किल्ली. उरलेली अर्धी तिच्या कपाटात अडकली होती, आणि ते कपाट होतं संस्थेत. संस्था म्हणजे गावाबाहेरची ती लांबच लांब भिंत. आत काय चालतं ते कोणाला माहीत नाही. माझा संशय आहे की आतल्यांनाही माहीत नाही. ती तिथे पडताळणी विभागात बसते. (नाव लिहीत नाही. नावं कुठेही लिहिणार नाही असं मी लेखी देऊन बसलोय. तसंही मी तिचं नाव काढलं की माझे कान लाल होतात, तेव्हा देशाची आणि माझी सोय एकच.) मी पक्कड, तार आणि तेलाची कुपी घेऊन तिच्यामागोमाग गेलो, तर फाटकावरच अडवलं. आत जायला परवानगी लागते, परवानगीला पडताळणी लागते, पडताळणीला तीन महिने लागतात आणि कपाट आज उघडायला हवं. यावर त्यांनी काय केलं असेल? दोन पहारेकऱ्यांनी ते लोखंडी कपाट उचलून बाहेर रस्त्यावर आणलं. मग मला आतलं दिसू नये म्हणून कपाटाभोवती चादर धरली आणि माझे फक्त हात चादरीत घातले. मामा, मी भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, एका चादरीला मिठी मारून वीस मिनिटं कुलपाशी झटत होतो, आणि चादरीच्या पलीकडून ती सांगत होती, जरा डावीकडे, अजून जरा. वीस मिनिटांत आमचा जो संवाद झाला तो एवढाच. पण माझं काम तेवढ्यात झालं. कपाटात एक डबा आणि एक छत्री होती असं तिने नंतर सांगितलं. खरं होतं की गोपनीय होतं, कोण जाणे.

या चादरीच्या प्रकाराची वर कुठेतरी लाज वाटली असावी, कारण पंधरा दिवसांत संस्थेने जाहिरात दिली: कुलूप-दुरुस्ती सहायक, एक जागा, सुरक्षा पडताळणीस पात्र असावा. दुकानाचा मालक, म्हणजे माझा किल्लीवाला, म्हणाला, जा पोरा, तुझं चित्त तसंही तिकडेच आहे, परवा पेटीचं कुलूप उघडून मागणाऱ्या एका म्हातारबाबांना तू पेटी कुठे आहे विचारायचं सोडून चादर कुठे आहे विचारलंस. मी अर्ज आणायला गेलो. अर्ज सव्वीस पानांचा. आणि फाटकाबाहेरच्या काउंटरवर ती. तिने नियमाप्रमाणे सगळ्यांना सांगतात ते सांगितलं: जे असेल ते लिहा. लिहिलेलं बऱ्याचदा चालून जातं, लपवलेलं सापडलं की फाइल बंद. आता हे वाक्य ती दिवसातून चाळीस जणांना म्हणते हे मला कळत होतं. पण माझ्याकडे बघून म्हणाली ते वेगळं होतं. मला असं वाटलं की आजवर कोणी मला इतक्या आपुलकीने माझ्याबद्दल विचारलेलंच नाही.

मग मी लिहायला बसलो. रकाना सातमध्ये शिक्षण. कॉलेज दुसऱ्या वर्षी का सोडलं, याला दोन ओळी जागा होती. तुम्हाला माहीतच आहे, वर्गातली खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून माझं आणि सरांचं वाजलं आणि मी दार आपटून निघून आलो. (दार आपटलं ते परत उघडलं, कारण बिजागरी सैल होती. मी परत फिरून पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा सरांनी आतून कडी लावली. हे सगळं मी लिहिलं.) रकाना एकोणीस: पूर्वी अटक, दंड, पोलिसांची समज वगैरे. इथे वाचनालयाच्या दाराचं प्रकरण लिहावं लागलं. गेल्या वर्षी मित्राच्या निरोपाच्या जेवणात दुपारी तीन बाटल्या बिअर झाली, मग मला वाटलं की आपण कॉलेज सोडलंय पण ज्ञान सोडलेलं नाही, आणि मी वाचनालयात गेलो. तिथलं सरकतं काचेचं दार सगळ्यांना बघून आपोआप उघडत होतं. मला बघून उघडेना. एक बाई गेल्या, उघडलं. एक मांजर गेलं, उघडलं. मी पुढे झालो, बंद. मी त्याला शांतपणे समजावलं. मग जरा कमी शांतपणे. मग मी ते रुळावरून उचलून बाजूला भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत जाऊन विश्वकोशाचा तिसरा खंड मागितला. पोलीस आले, दंड झाला, आई रडली. पण दुसऱ्या दिवशी मला इतकी लाज वाटली की मी स्वतः जाऊन ते दार दुरुस्त करून दिलं, आणि ते बसवताना किल्लीवाल्याने मला पाहिलं आणि म्हणाला, मोडणारे पुष्कळ बघितले, परत बसवणारा पहिलाच, उद्यापासून ये. म्हणजे माझा गुन्हा आणि माझी नोकरी एकाच दारातून आले. हेही लिहिलं.

रकाना वीस: मद्यपान. प्रकार, प्रमाण, किती वेळा, कारण. प्रकार आणि प्रमाण चटकन झालं. त्या तीन बाटल्यांनंतर मी घेतलेली नाही, कारण प्यायलो की मला दारांचा राग येतो आणि माझा धंदा दारांचा आहे. पण 'किती वेळा' इथे मी अडखळलो. जे असेल ते लिहा म्हणाली होती. मग मी लहानपणी खोकल्याचं औषध आवडतं म्हणून खोटं खोटं खोकायचो ते लिहिलं. मावशीच्या घरी सरबत समजून काहीतरी प्यायलो आणि सोफ्याला काका म्हणालो ते लिहिलं. आणि 'कारण' या शब्दापुढे चार ओळी होत्या. तिथे कायदेशीर उत्तर 'लागू नाही' असं होतं. मी विचार केला, गेले तीन आठवडे मी न पिता प्यायल्यासारखा वागतोय, त्याचं कारण काय? जोडपत्रं लावता येतील असं खाली छापलेलं होतं. मी अकरा पानं लावली. (मामा, चांगली झाली होती. चादरीचा प्रसंग तर फारच.) अर्ज बंद पाकिटात दिला आणि घरी येऊन जेवताना घास हातातच राहिला. पडताळणी विभागात येणारा प्रत्येक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण वाचतं, ते मला तेव्हा आठवलं.

त्यानंतर संस्थेचे एक चौकशी अधिकारी घरोघर फिरू लागले. अंगाने वाळके, आवाज हळू, बगलेत थर्मास, कोणाकडचा चहा घेत नाहीत, कारण चहा घेतला की मत बनतं म्हणतात. आईकडे गेले. आईला मी दहा वेळा सांगितलं होतं की मी सगळं खरं लिहिलंय, तूही खरं सांग. आई म्हणाली, दारू? तो दूधसुद्धा पीत नाही. वाचनालयाचं दार? ते वाऱ्याने पडलं. वाचनालयाने वाऱ्याला दंड केला का, असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, त्यांचा काही भरवसा नाही. आता फाइलमध्ये असं आहे की अर्जदार खोटं बोलतो किंवा अर्जदाराची आई खोटं बोलते, निष्कर्ष प्रलंबित. मग ते किल्लीवाल्याकडे गेले. माझं भलं व्हावं म्हणून तो भला माणूस म्हणाला, साहेब, हा पोरगा गावातलं कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडतो, तुमच्या घराचं तर दीडच मिनिटात उघडेल, कालच येताजाता बघून ठेवलंय त्याने. हेही फाइलमध्ये आहे.

तिसरे खात्री देणारे तुम्ही. तुमचं पत्र त्यांच्याकडे पोस्टाने आलं, मामींच्या अक्षरात, खाली तुमची सही. आमचा भाचा निर्व्यसनी आहे, मी स्वतः चार वर्षांपूर्वी पत्नीला शब्द देऊन दारू सोडली, त्यानंतर थेंबाला शिवलो नाही, भाच्याने माझाच कित्ता गिरवला आहे. पत्र सुंदर होतं. अधिकाऱ्यांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा माझा ऊर भरून आला.

ते वाचून दाखवलं माझ्या मुलाखतीत, गेल्या गुरुवारी, खोली नंबर नऊमध्ये. (खोली फाटकाच्या बाहेरच आहे, म्हणून जाता आलं.) एक टेबल, दोन खुर्च्या, एक घड्याळ, तेही बंद. मी आधीच ठरवून गेलो होतो की डोकं तापू द्यायचं नाही. त्यांनी माझी अकरा पानं काढली आणि म्हणाले, वीस वर्षांत या रकान्याला इतकं मनापासून कोणी लिहिलं नव्हतं. मग एक छोटा कागद काढला. अर्जदाराला ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याने तसं लिहून द्यायचं आणि फाइल दुसऱ्या टेबलावर सोपवायची असा त्यांचा नियम आहे, आणि पान तीनवर पोचल्यावर तिने तो कागद भरला होता. अर्जदाराशी संबंध, अशी ओळ. तिथे वीस वर्षं सगळे 'नाही' असं लिहीत आले आहेत, म्हणाले. तिने लिहिलं होतं, 'सध्या नाही'. या एका 'सध्या'मुळे त्यांना नवीन चौकशी लावावी लागली, दोन सह्या जास्त घ्याव्या लागल्या आणि वरिष्ठांनी बोलावून विचारलं की 'सध्या' म्हणजे नेमकं कधीपर्यंत. ते बराच वेळ त्यांचा त्रास सांगत होते. मी हसत होतो. मला ते थांबवता येईना.

मग त्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि माझं हसू जिरवलं. वाचनालयाचं काही नाही म्हणाले. एकदा झालं, दंड भरला, नीट करून दिलं, स्वतःहून लिहिलं. आम्ही दारू मोजत बसत नाही. सवय आहे का ते बघतो, प्यायल्यावर माणूस काय करतो ते बघतो, आणि सगळ्यात जास्त हे बघतो की त्याला कोणी एखाद्या गुपितावरून दाबू शकेल का. ज्याला दाबता येतं त्याच्या हातात आम्ही किल्ल्या देत नाही. आणि मग म्हणाले, पण रकाना एकोणीसमध्ये तुम्ही दुसरी नोंद लिहिलेली नाही.

मी म्हटलं, दुसरी कुठली?

पोलिसांच्या वहीत, तीन महिन्यांपूर्वीची, दुपारी सव्वादोनची. मोठ्या बागेच्या तळ्यात पायाने चालवायच्या हंसाच्या आकाराच्या नावा आहेत ना, त्यातल्या एका हंसावर एक इसम मद्यधुंद अवस्थेत बसला. अर्ध्या तासाची वेळ संपली तरी उतरेना. मला समुद्रावर सोड, असं हंसाला म्हणत होता. काठावरच्या मुलांना हात मारण्याची योग्य पद्धत ओरडून शिकवत होता. बोलवायला दुसरा हंस पाठवला तर त्याला ओलांडून पुढे गेला आणि जिंकलो असं जाहीर केलं. शेवटी पोलिसांनी तिसऱ्या हंसातून जाऊन त्याला आणलं. खिशात ओळखपत्र नव्हतं. तोंडी नाव, पत्ता, जन्मतारीख दिली. सगळं माझं. समज देऊन सोडलं. नोंदीशेजारी शिपायाने कंसात लिहिलंय: वय बावीस सांगतो, दिसायला पन्नाशीचा. अधिकारी मला निरखत म्हणाले, दारूने माणसात इतका फरक पडतो का? मी म्हटलं, साहेब, मला पोहता येत नाही, मी बादलीकडेसुद्धा जपून जातो. त्यावर त्यांनी खणातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. हंसात सापडल्या म्हणे. एक चष्म्याची डबी, चष्म्यासकट. आणि एक डावा बूट, नंबर दहा, टाचेला हिरव्या दोऱ्याची शिलाई.

मामा, तो बूट मी पायात घालून पाहिला. माझा पाय आत गेला आणि वर पुरेशी जागा शिल्लक राहिली. हा माझा नाही, मी म्हटलं. ते दिसतंच आहे, ते म्हणाले, कोणाचा आहे? मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं. मी ते सावकाश, तीन पेल्यांत, संपवलं. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता परत या, तोवर विचार करा म्हणाले. दारातून बाहेर पडलो तर व्हरांड्यात ती फायली घेऊन जात होती. नियमाप्रमाणे तिला माझ्याशी बोलता येत नाही. तिने फायली छातीशी धरून फक्त एवढंच बघितलं की आता हा काय करतो. मी घरी आलो.

असो. बाकी सर्व क्षेम. आईची तब्येत बरी आहे, किल्लीवाल्याचा खोकला तसाच आहे. तुमचा गुडघा सांभाळा, थंड पाण्यात फार वेळ उभे राहू नका. लोभ आहेच, तो असाच ठेवा.

तुमचा (आणि पोलिसांच्या वहीत तुम्हीच),
भाचा

ता. क. १: बुटाबद्दल. टाचेला हिरवा दोरा मी लावला होता, मागच्या वर्षी, तुमच्या ओट्यावर बसून, कारण काळा संपला होता. माझी जन्मतारीख आईलाही बिनचूक सांगता येत नाही. ती एकट्या तुम्हाला पाठ आहे, कारण मी जन्मलो त्या दिवशी तुमची पोहण्याची स्पर्धा हुकली आणि ते तुम्ही मला बावीस वर्षं ऐकवत आलात. मला राग आला होता. गुरुवारी रात्री मी तुम्हाला चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं आहे, बरंच थंड आहे.

ता. क. २: मला तुमचं गणित कळलं. तुम्हाला वाटलं, पोराचं एक प्रकरण आहेच, त्यात अजून एक. पण नेमकं दोनाला ते सवय म्हणतात. मी 'मीच होतो' म्हटलं तर सवय, शिवाय खोटं, शिवाय लपवलेलं. 'माहीत नाही' म्हटलं तरी खोटं. आणि तुमचं नाव घेतलं तर मामींना दिलेला शब्द तळ्यात. मी चार दिवस यातून चौथी वाट शोधतोय. कुलपाला नेहमी असते. याला नाही. म्हणून खरी विनंती अशी: शुक्रवारी अकरा वाजता खोली नऊमध्ये तुम्हीच या. उजवा बूट घालून या, ओळख लगेच पटेल. डाव्या पायात कुठला घालायचा तो घाला. मामींना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्याकडून त्यांना एक अक्षर कळणार नाही, याची पूर्ण खात्री बाळगा.

ता. क. ३: ही नोकरी मला हवी आहे, मामा. तिच्यासाठी हवी आहेच, ते तर अकरा पानं झालं. पण मला एकदा त्या फाटकातून, चादरीशिवाय, आत जायचं आहे.

ता. क. ४ (हे पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहितोय, कारण पाकीट चिकटवलं): आत्ता लक्षात आलं. तुमचा चष्मा खोली नऊच्या खणात आहे. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तलावाच्या ऑफिसात 'खासगी' दोनदा लिहिलेलं पाकीट कोणापुढे धरायची तुम्हाला लाज वाटेल, तुम्ही ते खिशात घालून घरी न्याल आणि नेहमीसारखं पुढे कराल. पहिल्याच पानावर मीच लिहिलंय की तुम्हाला सगळं कोण वाचून दाखवतं. फाडून परत लिहू शकतो. सहावं होईल. ज्याला गुपितावरून दाबता येतं तो माणूस म्हणजे नेमका कसा दिसतो, ते मला या पाकिटाकडे बघताना कळतंय. नाही लिहीत.

मामी, नमस्कार. तुम्ही इथवर मोठ्याने वाचत आला असाल तर मामा आता खुर्चीत नसतील, मोरीत बघा. शुक्रवार, अकरा वाजता, खोली नऊ. त्यांना घेऊन या. ओरडायचं ते परतीच्या वाटेवर ओरडा, जाताना ओरडलात तर ते बाग दिसेल तिथे उतरतील. हंसावर ते कोणाला त्रास देत नव्हते, पोहायला शिकवत होते, एवढं त्यांच्या बाजूने धरा. आणि त्यांच्याशी भांडून झालं की त्यांना पुन्हा दारू सोडायला मदत करा, या वेळी मीही आहे.

पाकिटावर जागा संपली. शेवटची ओळ दारात उभा राहून, दारालाच टेकवून लिहितोय. पोस्टाची पेटी बाराला उघडतात, आधी टाकलं पाहिजे, उशीर केला तर माझा विचार बदलेल. निघालो. दार आपटत नाही. ओढून घेतो.